खेमाजी या नावाची हकीकत

श्री. नदी साक्ष असो, म्हणजे लबाडी करण्यास जागा राहणार नाही. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, भाद्रपद मास, ते समयी अमुक राज्यात जे घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, की लिहिले तर तेथील लोक रागावतील आणि न लिहिले तर बाकीच्या राज्यांस आपलेच वाटेल, ते बरे.

त्या राज्यात एक थोरली नदी होती आणि नदीवर तर, म्हणजे नावेचा उतार, होती आणि तरीवर पूर्वी खेमाजी नावाचा कोळी होता. एके वर्षी ऐसा पूर आला की पैलतीरी बाजारास गेलेले बत्तीस माणूस अडकले, तेव्हा खेमाजीने दोराचे एक टोक वडाच्या मुळास बांधिले आणि दुसरे पैलतीरी पोचविले आणि मध्ये आपल्या कमरेस वेढा घेतला आणि मध्यधारेतील खडकास पाठ लावून दोन प्रहर उभा राहिला, आणि त्या दोरास धरून बत्तीसही जण अलीकडे आले. मग त्याच्या बायकोने सर्वांस हुलग्याचे माडगे मिरे घालून कढत पाजिले. खेमाजीच्या कमरेचे कातडे दोरास चिकटून गेले, आणि सहा महिन्यांत तो निवर्तला. दरबाराने काही दिले नाही. लोकांपाशी देण्यास काही नव्हते, म्हणून लोकांनी त्याचे नाव ठेवून घेतले. मग त्या दोरास खेमाजी म्हणू लागले, आणि खडकासही खेमाजी म्हणू लागले, की पुरात खेमाजी बुडाला तर नाव पाण्यात सोडू नये. आणि हुलग्याचे माडगे पाजणे म्हणजे खेमाजी पाजणे. आणि लग्नात नवरा मुलगा शांत उभा राहिला तर बाया म्हणत, खेमाजी मिळाला गं पोरीला. आणि बैल जागचा हलेना तर त्यासही खेमाजीच म्हणून शिवी देत. आणि पुढे तरीवर जो बसेल तो खेमाजी, मग तो कोणाचाही का असेना. ते समयी तरीवर त्याची नात केराबाई होती. तीही खेमाजी.

आणि या सर्वांवर एक रिवाज पडला. नदीवर कोणास संकट पडले तर त्याने तीन वेळा "खेमाजी" अशी हाक द्यावी आणि गप्प व्हावे. ज्याच्या कानी पडेल त्याने हातात असेल ते घेऊन नदीकडे धावावे. काय पाहिजे म्हणून पुसू नये, की पुसेपर्यंत माणूस वाहून जाते. दोरवाला दोर आणी, चुलीपाशी असेल ती माडगे आणी, कोणी नुसताच येई. साठ वर्षे ऐसे चालले आणि साठ वर्षांत नदीने एक माणूस नेले नाही.

दरबारात गिरमाजीपंत शब्दनीस म्हणून होते. राज्यातील शब्दांची राखण त्यांजकडे. यांच्या आजोबांस ज्ञानवारिधी किताब होता आणि नदीस त्यांनी बांधिलेल्या पायऱ्यांवर तो किताब हातभर अक्षरांनी कोरिला होता, आणि त्यावर लोक धुणे आपटीत आणि त्या घाटास खेमाजीचा घाट म्हणत. हे पंतांचे खरे दुखणे. ज्याचे नाव कोणी घेत नाही तोच दुसऱ्याचे पुसावयास निघतो, हा जगाचा दस्तूर आहे. परंतु हुजुरात जाऊन त्यांनी असे सांगितले नाही. त्यांनी सांगितले की, "महाराज, एका शब्दास सात अर्थ म्हणजे एका म्यानात सात तलवारी. यवनाच्या राज्यातही ऐसा गोंधळ नाही." महाराज जेवून उठले होते. ते म्हणाले, "मग करा काय ते." येणेप्रमाणे कायदा जाहला.

कायदा ऐसा की एक शब्द एक अर्थ. खेमाजी हे मृत कोळ्याचे नाव, ते त्याच्या श्राद्धाखेरीज उच्चारू नये. दोरास आधाररज्जू म्हणावे, खडकास जलमर्यादाशिला म्हणावे, माडग्यास कुलित्थोष्णपेय म्हणावे आणि केराबाईस जलपारगमनाधिकारिणी म्हणावे. संकट पडलियास जी वस्तू पाहिजे तिचेच नाव घेऊन हाक द्यावी. जुनी हाक जो देईल, आणि जुनी हाक ऐकून जो धावेल, त्या दोघांनी घाटावर मणाचा धोंडा डोईवर घेऊन एक प्रहर उभे राहावे. फळी रंगवून वडास ठोकिली. केराबाईस वाचता येत नव्हते. तिने कारकुनास पुसले, "दादा, काय लिवलंय?" कारकुनाने वाचून दाखविले. केराबाई म्हणाली, "आणि बुडणाऱ्यानं हे एवढं पाठ कधी करायचं? घरी असताना का पाण्यात?" कारकुनाने फळीचा खिळा आणखी पक्का ठोकिला, की त्याला पगार होता.

पंधरा दिवसांत सटवा कुंभार गाढवासह उतारात सापडला. त्याने भिऊन नवीन हाक देऊ केली, परंतु "जलपारग" इतके होताच तोंडात पाणी गेले. मग केराबाईने काठावरून जुनी हाक दिली आणि चौघे धावले आणि सटवा निघाला, गाढव गेले. आणि केराबाईसह पाचही जणांनी धोंडा घेतला. दरबार म्हणाले, गाढवच गेले, माणूस नव्हे. ज्याचे गेले त्यास कोणी पुसले नाही. त्या दिवसापासून लोक नदीकडे पाठ करून कामे करू लागले.

आता पंतांस एकच कन्या, नाव आवडी. तिचे पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे. सातवे महिन्यात आणावयाची, परंतु पंतांस मुहूर्त पसंत पडेना, एक पंचांग फिरवून दुसरे काढिले, त्यात नववा लागला. मग भाद्रपद शुद्ध दशमीस, दिवस दोन प्रहर, आवडी पैलतीरास आली. केराबाईने खडक पाहिला, माथा चार बोटे वर होता, नाव सोडिली. मध्यधारेत वरून लोंढा आला आणि नाव धरलेला तरीचा दोर तुटला आणि नाव जाऊन त्याच खडकास आडवी बसली. केराबाईने एका हाताने खडकाची कपार धरिली आणि एका हाताने आवडीस धरिले, आणि आवडीस त्याच वेळी कळा आल्या. अलीकडे पंत सामोरे आले होते, फळीखालीच उभे.

केराबाईने तीन वेळा हाक दिली. हाक सर्वांनी ऐकिली आणि लोक धावलेही, परंतु वडापाशी पंत दिसताच जागच्या जागी थबकले. मग पंत ओरडले, "अरे, आधाररज्जू आणा!" बाळा गुऱ्हाळवाला अदबीने पुढे होऊन म्हणाला, "पंत, रज्जू म्हंजे तुमच्या गावचे पाव्हणे का? कोणत्या घरी उतरलेत, बोलावून आणतो." पंत म्हणाले, "बाळा, चेष्टा नको रे. पोर जाते माझी." बाळा म्हणाला, "चेष्टा न्हाई पंत. मागल्या खेपेला धावलो तर मान अजून वळंना. तुम्हीच सांगा, धावू का नको?" आणि सटवा कुंभार मागे उभा होता. नुसता पंतांकडे पाहत होता.

मग पंतांनी फळीकडे पाहिले आणि नदीकडे पाहिले, आणि डोईचे पागोटे खाली पडले ते उचलिले नाही, आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून हाक दिली, "खेमाजी!" पहिली हाक फाटकी आली. दुसरी बरी आली. तिसरी ऐसी आली की पैलतीरीची गुरे माना वर करून पाहू लागली.

मग काय पुसता. शिवारातून, गल्लीतून, माणसे सुटली. कोणी दोर आणिला, कोणी विहिरीवरचा मोटेचा नाडा आणिला, बायांनी लुगडी गाठी मारून आणिली, आणि बाळाने गुऱ्हाळाची पालथी पडलेली काहील आठ गड्यांच्या खांद्यावर आणिली, की एवढ्या मोठ्या लोखंडी कढईस पूर बुडवीत नाही. दोर वडास बांधिला, दुसरे टोक काहिलीच्या कड्यास बांधिले, आणि सटवा कुंभार कोणी न सांगता काहिलीत बसला आणि खडकापाशी गेला. आवडीस काहिलीत घेतली. केराबाई म्हणाली, "कुंभारा, गाढवासाठी मला धावता आलं न्हाई रं." सटवा म्हणाला, "आधी बस. गाढवाचं मागनं बोलू." आणि काठावरच्यांनी ओढिले, आणि काहील गिरक्या खात अलीकडे लागली. तरीवरच्या खोपटात सुईणीने दार लाविले. दिवस मावळावयाच्या आत आत पोर रडले, मुलगी जाहली, बाळबाळंतीण सुखरूप. काठावर इतकी माणसे एकदम खाली बसली की जशी वाऱ्याने ज्वारी निजावी.

केराबाई अंग पुसून पंतांपाशी आली आणि म्हणाली, "पंत, एक इचारू? कोणत्या अर्थानं हाक दिलीत?" पंत म्हणाले, "आई, जेवढे असतील तेवढ्या." मग पंत उठले आणि घाटावरील मणाचा धोंडा डोईवर घेतला. लोक म्हणाले, "आता राहू द्या की." पंत म्हणाले, "कायदा माझा. उच्चार मी केला." पूर्ण प्रहर उभे राहिले, आजोबांच्या किताबावर पाय ठेवून. मग धोंडा उतरविला. केराबाईच्या सुनेने कढत वाडगे हाती दिले आणि म्हणाली, "घ्या, खेमाजी घ्या." पंतांनी घेतला, जीभ भाजली, पुन्हा मागितला.

दुसरे दिवशी पंतांनी हुजुरात जाऊन कायदा मागे घेतला. महाराज जेवून उठले होते. ते म्हणाले, "मग करा काय ते." तेव्हापासून त्या राज्यात आपलाच हुकूम आपल्या डोईवर घेणाऱ्यासही खेमाजी म्हणतात. हा आठवा अर्थ. तो फार लागत नाही.

एवंच, नाव एक, अर्थ आठ, फळी सरपणास गेली, तिजवर आवडीचे न्हाणे तापले. आवडी सुखरूप, पोर सुखरूप, केराबाई तरीवर, पंतांची मान थोडी वाकडी. सटव्यास पंतांनी स्वतः हाकीत नेऊन नवे गाढव दिले. त्याने ते घेतले, आणि जुन्याचे नाव त्यास ठेविले नाही, की ते त्या गेलेल्याचेच.