कै. अंबादासकाकांची परवानगी

शनिवारी संध्याकाळी अंबादासकाका रागारागानं ‘जातो’ म्हणून बाहेर पडले, म्हणून सोमवारी सकाळी संगणकातल्या ‘नक्षी’ फोल्डरनं त्यांना कैलासवासी ठरवलं.

राग तसा एवढासाच होता. येवल्यातल्या त्यांच्या विणकर संस्थेत चहा गार मिळाला, दुसरं काही नाही. पण पैठणीच्या नक्ष्या काढणारे काका म्हणजे त्या फोल्डरचे मालक. बाकी सगळ्यांची परवानगी त्यांच्याकडून खाली उतरलेली. काका गेले, तशी सगळ्यांचीच गेली. संगणकांचं जाळं सांभाळणाऱ्या निर्मलाबाईंनी फोल्डर उघडायला घेतला, तर पडद्यावर ओळ आली: ‘कै. अंबादास यांच्या निधनाच्या दुःखात हा फोल्डर बंद आहे.’

“अहो, मी इथं उभा आहे की!” काका म्हणाले.

निर्मलाबाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं. उत्तर आलं, ‘सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं.’

रौफभाई मागावरून उठून आले. त्यांच्या मागावर काकांच्या नातीची, चित्राची पैठणी होती. लग्न शुक्रवारी. पदरातला शेवटचा मोर तेवढा राहिला होता, आणि काकांनी स्वतः काढलेला तो मोर फोल्डरात अडकून बसला होता.

“बाई, नवी परवानगी देऊन टाका ना.”

“देणारी मी कोण? बघायची, बदलायची, सगळी मुभा काकांच्या नावावर. आणि काका...” निर्मलाबाई चाचरल्या.

“मग काका, एवीतेवी वर गेलाच आहात, तर तिकडूनच सांगा त्याला,” रौफभाई म्हणाले.

काकांना हसू आलं नाही. नातीला त्यांनी शब्द दिला होता. ते सावकाश खुर्चीत टेकले.

“त्याचं तरी काय चुकलं?” ते म्हणाले. “निघताना जातो म्हणायचं नसतं. आमच्या आईनं तोंडावर हात ठेवला असता. शनिवारी मला कुणी अडवलंच नाही.”

“तुम्ही केवढे तापला होतात! कोण अडवणार?” निर्मलाबाई म्हणाल्या.

“मग आता अडवा.”

शनिवार पुन्हा करायचं ठरलं. निर्मलाबाईंनी चहा मागवून मुद्दाम निववला. काकांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कप आपटला, पिशवी काखोटीला मारली.

“जातो मी!”

“जातो नाही, येतो म्हणा!” सगळे विणकर मागावरून ओरडले.

“बरं बाबांनो, येतो.”

येतो म्हटल्यावर खरोखर जाऊन येणं आलंच. दारातून माघारी वळणं म्हणजे फसवणूक झाली असती. काका आपल्या चालीनं चौकापर्यंत गेले, पानवाल्याशी दोन शब्द बोलले आणि परतले. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं, तसा पडदा उजळला: ‘या काका, बसा. अंबादास: हयात. पूर्ण ताबा.’ त्याखाली निर्मलाबाई, रौफभाई, एकेक करत सगळ्यांची नावं परत आली.

“आला, मोर आला!” रौफभाईंनी गळ्यातला रुमाल वर भिरकावला. दुपारपर्यंत सगळे माग असे खटखटत होते, की शेजारची दुकानं बाहेर येऊन बघायला लागली.

शुक्रवारी चित्रा तीच पैठणी नेसून सासरी निघाली. वाकून म्हणाली, “येते हं, आजोबा.”

पदरातला शेवटचा मोर म्हणाला, “येतो.”

काका दोघांनाही म्हणाले, “या.”