थोरली, धाकटी आणि दोन बोटं

आधीच सांगून ठेवतो, माझा आजवर एकही बेत फसलेला नाही! बस डेपोत वेळापत्रकं बनवायचं काम मी सतरा वर्षं करतोय. कुठली बस किती वाजता सुटणार, कुठे किती मिनिटं थांबणार, ड्रायव्हरनं चहा कधी प्यायचा, सगळं माझ्या टेबलावर ठरतं. आता बस त्याप्रमाणे धावत नाहीत, हा बसचा दोष. कागदावर बघाल तर एक मिनिट इकडचं तिकडे नाही!

असा माणूस स्वतःच्या मुलीच्या आठव्या वाढदिवसाचा बेत आखतो, तेव्हा घरच्यांनी निर्धास्त असावं की नाही? पण आमच्या घरात माझ्यावर विश्वास टाकायची पद्धतच नाही.

मुलीला आम्ही बटण म्हणतो. वर्गातली सगळ्यांत बुटकी. आमच्या शहराबाहेर एकाच कंपनीच्या दोन मोठ्या बागा आहेत, झुले-पाळणे-रोलर कोस्टरवाल्या. खरी नावं लांबलचक आहेत, ती कुणी घेत नाही. लोक म्हणतात थोरली आणि धाकटी. धाकटी वयानं थोरलीपेक्षा वीस वर्षांनी मोठी, पण अंगानं लहान, म्हणून धाकटी. तिथे सुरवंट नावाची एक जुनी, हिरवी, कुरकुरणारी रोलर कोस्टर आहे आणि दारात उंचीची पट्टी. एकशेवीस सेंटिमीटर. त्याखालच्यांना प्रवेश नाही.

बटणच्या वर्गातली यच्चयावत मुलं सुरवंटात बसून आली होती. बटण तीन वाढदिवस नुसती पट्टीखाली उभी राहून परतली. मागच्या वर्षी सुरवंट चालवणाऱ्या काकांनी तिच्या डोक्यावर बोटं ठेवून मोजलं आणि सांगितलं, "दोन बोटं कमी. पुढच्या वाढदिवसाला ये."

त्यानंतर पोरीनं वर्षभर नाक दाबून दूध प्यायलं, दाराच्या कडीला लोंबकळून कडी उखडली, आणि रोज रात्री माझ्याकडून वदवून घेतलं, "बाबा, पहिली फेरी तू आणि मी, शेजारी शेजारी!"

"शेजारी शेजारी!" मी वचन दिलं. "रोलर कोस्टरमध्ये!"

कुठल्या रोलर कोस्टरमध्ये, ते मी बोललो नव्हतो. घोळ तिथेच झाला.

वाढदिवसाच्या आठ दिवस आधी जेवताना मी जाहीर केलं, "यंदा थोरलीत जायचं!"

बटणचा घास हातातच राहिला. बायको परिचारिका आहे, ती सहसा कशानं दचकत नाही, तीही दचकली. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "का बरं?"

सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. अजूनही पर्समध्ये मापाची टेप असते आणि माणसाकडे बघताना त्यांची नजर आधी कमरेकडे जाते. मागच्याच महिन्यात माझी पँट दुसऱ्यांदा सैल करताना म्हणाल्या होत्या, "जावईबापू, आता आतलं कापड संपलं हं." तर या बाई धाकटीच्या कट्टर भक्त. त्यांच्यासारखी दहा-बारा मंडळी दर बुधवारी तिथे जमतात. झुल्यांत थोडी बसतात, बाकांवर जास्त.

"का म्हणजे? थोरलीत सेहेचाळीस खेळ आहेत, धाकटीत चौदा! थोरली पाचपट मोठी आहे! तरी तुम्ही लोक धाकटीच्या मागे का लागता, एक कारण सांगा!"

"तिथे आम्हाला ओळखतात," सासूबाई म्हणाल्या.

"हे काय कारण झालं? मला आमचा दातांचा डॉक्टरही ओळखतो! म्हणून वाढदिवस त्याच्या खुर्चीत करायचा?"

"एक ना धड भाराभर चिंध्या, जावईबापू. कापडातली बाई म्हणून सांगते."

"बाबा, पण सुरवंटकाका माझी वाट बघत असतील," बटण हळूच म्हणाली.

"अगं, त्यांच्याकडे रोज हजार मुलं येतात! तू कशी लक्षात राहशील? थोरलीत सुरवंटाच्या चौपट उंच रोलर कोस्टर आहे. गडगडाट! वर्गात सांग, मी गडगडाटात बसले! बोलती बंद होईल सगळ्यांची!"

पोरगी विचारात पडली. सात वर्षं तीनशे सत्तावन्न दिवसांच्या माणसाला वर्गाची बोलती बंद करायची संधी वारंवार येत नाही. "पण तू शेजारी?" तिनं विचारलं.

"शेजारीच!"

मग मी बेत आखायला घेतला. थोरलीचा नकाशा मिळवला, पट्टी घेतली, अंतरं मोजली. धाकटीचा नकाशा मला पाठ होता. तिथे नकाशावरचं एक बोट म्हणजे चालत दोन मिनिटं. नकाशाचा कागद दोन्हीकडे तेवढाच, तेव्हा हिशेब सोपा! शिवाय डेपोतली बदली ड्रायव्हरची पद्धत लावली. सासूबाईंनी आल्या आल्या गडगडाटाच्या रांगेत उभं राहायचं. बायकोनं होडीच्या रांगेत. मी आणि बटण पाळण्यात बसणार, चार मिनिटांत होडीपाशी, तिथून सहा मिनिटांत गडगडाटापाशी. रांगेत आमचे नंबर लागलेले! दहा ते सहा या वेळात सेहेचाळीसपैकी एकेचाळीस खेळ!

"आणि चुकामूक झाली तर?" बायकोनं विचारलं.

"वेळापत्रक असल्यावर चुकामूक होतच नाही!"

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! थोरलीच्या दारात मी सगळ्यांचे मोबाईल गोळा करून लॉकरमध्ये ठेवले. ड्रायव्हर मोबाईल बघत बसला की गाडीला उशीर होतो, हा सतरा वर्षांचा अनुभव.

"अहो, आपण ड्रायव्हर नाही," बायको म्हणाली.

"म्हणूनच जास्त काळजी घ्यायला हवी!"

गाडी जिथे लावली तिथून दारापर्यंत यायलाच पन्नास मिनिटं लागली होती. पण मी डगमगलो नाही. सासूबाई एका दिशेला गेल्या, बायको दुसऱ्या, आणि मी हातात फाईल, डोक्यावर लाल टोपी, बटणचं बोट धरून पाळण्याकडे निघालो.

दोन बोटं अंतर होतं. चार मिनिटं.

चार मिनिटं झाली, पाळणा दिसेना. दहा झाली. विसाव्या मिनिटाला पाळण्याचं टोक दिसलं, तेही दुरून डोंगर साजरे तसं! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कागद तेवढाच होता, बाग पाचपट होती! धाकटीतल्या एका बोटात थोरली कोंबून बसवली होती मी!

"बाबा, तुला घाम का आलाय?" बटण म्हणाली.

"ऊन आहे ना!"

"आपण सावलीत आहोत."

पाळण्याची रांग एवढी लांब, की तिच्या शेपटाजवळ पाण्याच्या बाटल्यांचं वेगळं दुकान होतं. पाळणा सोडला. होडीपाशी पोचायला पाऊण तास लागला, तर बायको तिथे नाही! रांगेतल्या एका गृहस्थांनी सांगितलं, "त्या बाई? दोनदा नंबर आला त्यांचा. मग 'नवऱ्याला शोधते' म्हणून गेल्या. फार चिडल्या होत्या हो."

तिला शोधण्यात दोन तास गेले. आम्ही डावीकडे गेलो की ती उजवीकडे जात असणार, कारण बोटाएवढासुद्धा माग लागेना! मध्ये एका बाकावर बसून आम्ही डबा खाल्ला. चौघांचा डबा माझ्याकडे होता. म्हणजे त्या दोघी उपाशी. माझ्या घशाखाली घास उतरेना, पण डबा संपला एवढं खरं.

अखेर चार वाजता गडगडाट! सासूबाईंचा तिथे पत्ता नाही. दारात चकचकीत गणवेशातला तरुण आणि त्याच्यामागे उंचीची पट्टी. बटणनं केस सारखे केले, पाठ ताठ केली, मान उंचावली आणि पट्टीखाली जाऊन उभी राहिली.

रेघ तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. मी मान वर करून वाचलं. एकशेचाळीस.

"एकशेवीस ना?" मी म्हणालो. "कंपनी एकच आहे ना तुमची?"

"सर, इथे एकशेचाळीस आहे. आपला दिवस आनंदात जावो!"

"अहो, तिचा वाढदिवस आहे हो!"

"वाढदिवसाच्या शुभेच्छा! आपला दिवस आनंदात जावो! पुढचे?"

बटण टाचा उंच करून अजून तशीच उभी होती. मग तिनं टाचा खाली टेकवल्या. रडली असती तर बरं झालं असतं, मी चॉकलेट तरी घेऊन दिलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तू पट्टी नाही मोजलीस?"

सेहेचाळीस खेळांमधलं सगळं अंतर मी मोजलं होतं. जी एक गोष्ट मोजायची ती मोजली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात भोंगा वाजला. "कृपया लक्ष द्या! एक मूल हरवलं आहे. अंगात चौकड्यांचा शर्ट, डोक्यावर लाल टोपी, हातात फाईल. वय बेचाळीस. आवडता खेळ, वेळापत्रक. सापडल्यास मुख्य कचेरीत आणून सोडावं!"

आजूबाजूचे पन्नास लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. एका आजींनी तर माझा दंडच धरला. "चल बाळा," म्हणाल्या, "आई वाट बघतेय!"

कचेरीत बायको बसली होती. "हरवलेल्या मोठ्या माणसांचा फॉर्मच नाही यांच्याकडे," ती म्हणाली. "लहान मुलांचा भरला. 'हट्टी आहे का' याला हो लिहिलंय." तिच्या शेजारी सासूबाई होत्या, केस चहूबाजूंनी उभे, गाल लाल, हातात तीन फोटो. रांगेत मागच्यांना पुढे सोडत त्या दीड तास उभ्या राहिल्या होत्या. मग तिथल्या मुलानं सांगितलं, बसा नाहीतर बाहेर व्हा. त्या बसल्या. उतरून पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या, न जाणो जावई आले तर! अशा तीनदा बसल्या! दर फेरीला तिथल्या कॅमेऱ्यानं काढलेल्या त्या फोटोंत दोन्ही हात वर आणि तोंड उघडं.

"कशी आहे?" मी चाचरत विचारलं.

"उंच आहे. पण तिन्ही वेळा त्या मुलानं विचारलं, पहिल्यांदाच आलात का." मग त्यांनी बटणकडे पाहिलं, काय झालं असेल ते त्यांना कळलं, आणि त्या उठल्या. "धाकटी सहाला बंद होते. चला!"

"गाडीपर्यंत जायलाच पन्नास मिनिटं, पण पाच दहाला बस आहे!" मी एकदम ओरडलो. या दोन बागांमधल्या बसचं वेळापत्रक माझंच! "बारा मिनिटांत धाकटी!"

पाच दहाची बस पाच वीसला आली. ड्रायव्हरनं मला ओळखलं. "साहेब! तुम्ही स्वतः? बसा, बसा. आज कळेल तुम्हाला बारा मिनिटं म्हणजे किती ते!"

बारा मिनिटांनंतर आम्ही दुसऱ्याच सिग्नलला होतो. बटण खिडकीला नाक लावून बसली होती. मी घड्याळाकडे बघत होतो आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे. "पस्तीस मिनिटं लिहा साहेब," तो म्हणाला. "चहा पिऊन चार वर्षं झाली मला." त्या बिचाऱ्यानं तरीही आडवाटेनं बस काढली आणि सहाला दहा कमी असताना आम्हाला धाकटीच्या दारात उतरवलं.

दारावरच्या बाई म्हणाल्या, "आज बुधवार नाही, आणि तुम्ही कशा?" सासूबाई म्हणाल्या, "बटण!" बाईंनी तिकीटसुद्धा न बघता दार उघडलं. "पळा!"

आम्ही पळालो. सुरवंटकाका साखळी लावत होते. बटणला बघून थांबले.

"काय गं बटण! सकाळपासून वाट बघतोय! दोन बोटं वाढलीस की नाही?"

बटण माझ्याकडे वळली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

काकांच्या खोलीच्या दाराची चौकट पेन्सिलीच्या रेघांनी भरली होती. त्यात खाली बटण पाच, त्यावर बटण सहा, त्यावर बटण सात. ती चौकटीला टेकून उभी राहिली. काकांनी डोक्यावर वही आडवी धरली, रेघ मारली, मग तिला पट्टीखाली नेलं. एकशेवीस आणि वर अर्धं बोट!

"शेवटची फेरी!" काका म्हणाले. "बस, पहिला डबा तुझा. आणि बाबा, तुम्ही तिच्या शेजारी!"

मी ऐटीत बसलो. काकांनी दांडा खाली ओढला. दांडा माझ्या पोटावर येऊन थांबला.

"श्वास सोडा."

सोडला. दांडा तिथेच.

"सगळा सोडा!"

"सगळाच सोडलाय हो!" मी जेमतेम म्हणालो.

सासूबाईंनी पर्समधून टेप काढली, माझ्याकडे बघितलं आणि न मोजताच परत ठेवली. "उतरा, जावईबापू. आतलं कापड संपलं, मी सांगितलं होतं."

मी उतरलो. बटणचा चेहरा पडला, माझा तर पायाशी होता. सासूबाई केस सावरत पुढे झाल्या, तशी बटण उठून दुसऱ्या डब्यात गेली. दोघी तिथे बसल्या, दांडा खट्कन लागला आणि सुरवंट कुरकुरत निघाला. मी खाली चार पिशव्या, तीन फोटो आणि फाईल धरून उभा. पहिल्या उतारावर बटण जी किंचाळली ती अख्ख्या धाकटीला ऐकू गेली! एवढी खूश मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती.

उतरून ती धावत आली. "बाबा, मी मुद्दाम दुसऱ्या डब्यात बसले! पहिला डबा तुझ्या-माझ्यासाठी ठेवलाय!"

मी पिशव्या खाली ठेवून तिला जवळ घेतलं. काकांनी खांद्यावर हात ठेवून मला चौकटीपाशी नेलं. मला वाटलं, धीर देतायत. त्यांनी मला चौकटीला पाठ टेकून उभं केलं, बाजूच्या फळीवर पोट जिथे संपतं तिथे रेघ मारली आणि वर लिहिलं, 'बटणचे बाबा'. मग रेघेपासून मागे, दांडा लागायला पोट जिथे संपायला हवं तिथपर्यंत, बोटं ठेवून मोजलं.

"चार बोटं जास्त. पुढच्या वाढदिवसाला या."

तेव्हापासून धाकटी चांगली की थोरली हा वाद मी घालत नाही. दर बुधवारी सासूबाईंबरोबर जातो, बाकावर बसतो, काकांकडून मोजून घेतो. आठ महिने उरलेत आणि मी कडक वेळापत्रक आखलंय. सकाळी चालणं, संध्याकाळी चालणं, कागदावर एक मिनिट इकडचं तिकडे नाही!

परवा मोजलं. पाच बोटं.