कार्डाची मळकी बाजू

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीसाठी लांबच्या गावी निघणार होती आणि तिच्या पेटीत घरच्या सगळ्यांचा एक फोटो जायलाच हवा, असा आईचा हट्ट होता. ते रिळाचे दिवस. काकांच्या कॅमेऱ्यात एकच फोटो शिल्लक होता.

पूर्वी काका आभाळाकडे डोळे बारीक करून बघत आणि खुशाल फोटो काढत. पण नुकताच त्यांनी उजेड मोजायचा मीटर आणला होता. त्याला डोळा लावला, की समोरचा टिकलीएवढाच ठिपका दिसे आणि तेवढ्याचाच उजेड मोजला जाई. मीटर समोरचं काहीही करडंच धरून हिशेब करी, म्हणून सोबत एक करडं कार्ड. ते माणसांजवळ धरून मोजलं, की चेहरे चुकणं शक्यच नाही, असं काकांचं म्हणणं.

"अक्का, हे छातीशी धर. मी सांगेपर्यंत हलवू नकोस," त्यांनी आत्याला बजावलं.

आत्याने कार्ड निरखलं. "काय मळकट आहे रे!" मागची बाजू पांढरीशुभ्र होती. काका मीटरला डोळा लावेपर्यंत तिने तीच पुढे केली.

"बाप रे, आज उजेड काय सणसणीत आहे!" काकांनी त्या हिशेबाने कॅमेऱ्यात शिरणारा उजेड कमी केला, आपोआप फोटो निघण्याची कळ दाबली आणि धावत येऊन रांगेत बसले.

"अरे, हे आता ठेवू का खाली?" आत्याने विचारलं.

खट्!

संध्याकाळी काका अंधार केलेल्या न्हाणीघरात कोंडून घेऊन फोटो छापून बाहेर आले. फोटोत अमावास्या होती.

"हा मी ना?" बाबांनी बोट ठेवलं.

"ती खुर्ची आहे," आई म्हणाली. "भाऊजी, जरा उजळ छापा ना."

काकांनी हातातलं कार्ड फोटोतल्या कार्डाशेजारी धरलं. "बघा वहिनी, करडा रंग तंतोतंत जुळतोय! मीटर चुकलेला नाही. मी हात लावणार नाही."

ताईची पेटी उघडीच होती. आईचा चेहरा पडला.

"पण मी तर पांढरी बाजू धरली होती," आत्या म्हणाली.

काकांनी कार्ड उलटून पाहिलं. पांढऱ्याला करडं करण्यापायी मीटरने अख्खं घर काळोखात लोटलं होतं. ते उलट पावली न्हाणीघरात परतले.

उजळ फोटो आला. कार्ड पांढरंफेक, चेहरा न् चेहरा स्वच्छ. फक्त कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे आत्याकडे डोळे वटारून बघत होते आणि काका दातओठ खात होते.

"त्यापेक्षा आधीचाच ने बाई," आई म्हणाली. "त्यात निदान सगळे नीट बसलेत."

"नको, हाच," ताईने तो पेटीत अगदी वरच ठेवला. "ह्यात तुम्हा सगळ्यांचा आवाज येतो."

"मग!" आत्या म्हणाली. "कार्ड कुणी धरलं होतं?"