शर्वरीबाईंचें उत्तेजनार्थ पारितोषिक

श्रीगणरायें लिहिणाराची लेखणी सांभाळावी, श्रीशारदेनें वाचणाराचा धीर सांभाळावा. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठमासीं ऐसें वर्तमान जाहलें जे, विद्येची एक थोर दौलत होती, तींत अर्वाचीन ग्रीक भाषेचा लहानसा सुभा, आणि त्या सुभ्यांत पंडित तीन व विद्यार्थी म्हणाल तर एकच, शर्वरीबाई घैसास. पंडितांची हुकमत अडीच हजार वर्षांमागील ग्रीकेवर. आजची ग्रीक म्हणजे भाजीबाजाराची बोली, म्हणोन नाकें मुरडीत, आणि पगार मात्र अर्वाचीन घेत. मग सरकारांतून निबंधाची स्पर्धा पुकारिली, पहिला येईल त्यास अथेन्सची स्वारी. बाईंचा जीव टांगणीस लागला. सहा वर्षें भाषा शिकल्या, परंतु ग्रीक माणसाच्या तोंडून समोरासमोर एक शब्द ऐकिला नव्हता. मग बाईंनीं कंबर कसली, आणि अथेन्सच्या खानावळींतील गाण्यांवर निबंध रचिला, आणि हुजूर रुजू केला. परीक्षक तेच तिघे पंडित, आणि त्यांची चाल ऐसी जे, निबंध शेवटाकडून उघडावा, संदर्भांत आपलें नांव पाहावें, मग मत बनवावें. थोरले पंडित गोपाळपंत होनप यांनीं पाहिलें, तों आपलें नांव नाहीं, आणि धाकट्या दोघांचेंही नाहीं. झालें! तिघांचा तिळपापड जाहला, आणि निकाल लाविला: पहिलें व दुसरें कोणासच नाहीं, शर्वरीबाईंस उत्तेजनार्थ.

बाई तडक कचेरींत गेल्या. "पंत, माझ्यापुढें कोण आलें?"

"कोणी नाहीं."

"मग मी मागें कोणाच्या?"

"दर्जाच्या," पंत वदले.

बाईंस रडूं कोसळलें. इकडे मंजूर स्वारी वायां जाऊं नये, सबब तिघां पंडितांनींच अथेन्सास जावें ऐसें ठरलें. परंतु तेथें बोलावें कोणी? तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. मग पंत मधाळ होऊन म्हणाले, "बाई, दुभाषी म्हणोन आपणही चलावें." बाईंनीं डोळे पुसले आणि पासपोर्ट काढिला.

अथेन्सांत उतरतांच पंतांनीं पुरातन ग्रीकेंत वाट पुसली, तों टॅक्सीवाल्यास स्तोत्र वाटलें, आणि त्यानें भक्तिभावें छातीवर क्रूसाची खूण केली. मग बाई पुढें जाहल्या, आणि मंडळी भुकेनें व्याकुळ होऊन एका खानावळींत पोहोंचली. मालकीण आजी बाईंस म्हणाली, "काय वाढूं गं पोरी?" बाईंनीं तिच्याकडून तें पुन्हां एकदां वदवून घेतलें. मग घडाघडा बोलून त्यांनीं आपणांस वांग्याखिम्याचें भरलें ताट मागविलें, आणि तिघांपुढें एकेक ऑलिव्ह आलें.

"हें काय?" पंत वदले.

"उत्तेजनार्थ," बाई म्हणाल्या, आणि पिशवींतून निबंध काढोन पुढें ठेविला.

सारांश, पंडितांस जेवण मिळालें. परंतु आधीं तिघांनीं निबंध वाचिला, आणि पहिल्या पानापासून वाचिला. घडलें तैसें लिहिलें, मीठ थोडें आमचें.