चिमाबाईच्या दुसऱ्या चुलीचा निवाडा

कुलदेवतेस दंडवत, आणि ज्याच्या मुखे नैवेद्य पोहोचतो त्या अग्नीसही दंडवत. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

चिमाबाई म्हणोन कोणी विधवा बाई दीर विसाजीपंत यांचे घरी माजघरालगतच्या खोलीत राहत होती. तिने चातुर्मासाचे व्रत धरिले आणि घरच्या चुलीवर कांदालसूण शिजे म्हणोन आपले खोलीत दुसरी चूल मांडिली आणि एकभुक्त राहू लागली. विसाजीपंतांस ती खोली लेकाच्या संसारास हवी होती. मग त्यांनी न्यायसभेत अर्ज केला की वहिनी आपण होऊन वेगळ्या निघाल्या, आता घरात त्यांचा हक्क नाही. चिमाबाई म्हणाली, "भाऊजी, वेगळी निघाले नाही हो, व्रत धरिले." विसाजीपंत म्हणाले, "व्रत देवापुढे. इथे चूल दिसते." मग न्यायाधीश त्र्यंबकशास्त्री यांनी शेजाऱ्यास पुसिले, "घरातून धूर किती निघतात?" तो म्हणाला, "दोन, महाराज. श्रावणात डोळे चुरचुरतात." तेव्हा निवाडा जाहला की जिची चूल वेगळी तिचे घर वेगळे, बाईने पंधरा दिवसांत खोली सोडावी.

निवाडा एका बाईचा, परंतु शब्द राज्यभर गेला. कोणी सून उपासाची भगर शिजवावयास शेगडी पेटवी तो सासू म्हणे, "झालीस वेगळी, उचल गाठोडे." आणि ज्या सुनांस वेगळे निघणेच होते त्यांस एकाएकी भक्ती फार आली. राणीसाहेबांची व्रताची चूलही निराळी होती, तेव्हा त्या राजघराण्यात आहेत किंवा नाहीत हे पुसण्याची छाती कोणास होईना.

मग सोमवारी शास्त्रीबोवा घरी आले तो त्यांचे कुटुंब उमाबाई निराळ्या शेगडीवर वरई ढवळीत होत्या. शास्त्रीबोवा हसोन म्हणाले, "आमच्या निवाड्याने तुम्ही वेगळ्या निघालात की!" उमाबाई हळूच म्हणाल्या, "इकडून तसे म्हणणे जाहले तर ताट आपले आपण वाढून घ्यावे. बाकी विस्तव तेवढा तुमच्याच चुलीतला आणिला आहे." शास्त्रीबोवांचे हसू मावळले. दुसरे दिवशी त्यांनी उभय पक्षांस फिरोन बोलाविले. खोली सोडण्यास दोन दिवस उरले होते आणि चिमाबाईने देव टोपलीत बांधिले होते.

शास्त्रीबोवांनी पुसिले, "बाई, चूल रोज कशाने पेटवीत होता?" चिमाबाई म्हणाली, "घरच्या विस्तवाने. राहीबाई देई." राहीबाई म्हणजे विसाजीपंतांची स्त्री. ती खांबाआड उभी होती. विसाजीपंतांनी डोळे वटारिले, "तू देत होतीस?" राहीबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "रोज. पळीभर. देवाच्या कामास नाही म्हणू काय? आणि जाऊबाई काय परक्या आहेत?" सभेत कोणी खोकले, कोणी हसले.

मग शास्त्रीबोवांनी आपला निवाडा आपणच फिरविला आणि लिहविले की धूर मोजू नये, विस्तव कोठोन आला ते पाहावे. घरच्या विस्तवाने पेटली ती चूल घरचीच, बाईची खोली बाईकडे राहावी. विसाजीपंत कुरकुरले की हे शास्त्रात कोठे आहे. शास्त्रीबोवा म्हणाले, "आमच्या स्वयंपाकघरात आहे."

सारांश, या निवाड्याने राज्यात दुसरी रीत पडली. ज्यांस वेगळे निघणे ते विस्तव शेजारून आणू लागले, आणि ज्या सासवांस सून नकोशी त्या, सुनेस घरचा विस्तव मिळू नये म्हणोन, चूल सांजेसच विझवू लागल्या. शब्द बदलिला म्हणोन मने बदलत नाहीत. चिमाबाईने टोपली सोडोन देव जागी मांडिले. दुसरे दिवशी विसाजीपंत ओसरीवर तोंड फिरवोन बसले होते, त्यांच्यापुढून राहीबाई पळीत निखारा घेऊन गेली, आणि व्रतात एका दिवसाचाही खंड पडला नाही. इतके लिहोन हात जोडिले.