इकबालचाचांचा अग्निगोल

इकबालचाचा कागदावर परकाराचं टोक टेकवतात तेव्हा माझ्या तळहातांना घाम सुटतो. मी बावन्न वर्षांचा आहे, सरकारी नोकरीत आहे आणि समोर जळणारं गाव कागदाचं आहे, तरीही सुटतो.

चाचा तीस वर्षं जहाजांवर नकाशे सांभाळून मिरकरवाड्यात परतले. मुलं कतारला. दर रविवारी दुपारी त्यांच्या पडवीत आम्ही एक खेळ खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि राक्षसांच्या मुलखात जगून दाखवायचं. मी मांत्रिक. माझ्या ऑफिसातली मेधा वैदू. तीन वर्षं तिने तो वैदू जिवापाड जपलाय. राक्षस, वादळ आणि निकाल चाचांच्या हातात. चौकटींच्या कागदावर आम्ही म्हणजे सुपाऱ्या आणि राक्षस म्हणजे काजूगर. मारला की मारणाऱ्याने खायचा.

चाचांचं वेड एकच: मंत्राचा घेर. नियमांच्या पुस्तकातलं ते पान वाचून वाचून सुटं झालंय. भिंतीआड आग वळते का, यावर त्यांनी मला भर ऑफिसात फोन करून निकाल दिलाय. "वर्तुळानं अर्धं घर खाल्लं, तर अख्खा मानूस आत," हे ठरलेलं. कुणी गयावया केली की, "आग नाव विचारीत नाय, बाबा." एकदा मांजर नेमकी कागदावर येऊन बसली. चाचांनी तिच्या नावाने फासा टाकला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "वाचली."

त्या रविवारी सात राक्षसांनी आम्हाला घेरलं. मी घाबरलो आणि अंतर न बघता अग्निगोल फेकला. फेकल्यावर दिसलं, मेधाची सुपारी घेराच्या कडेलाच होती. वैदू आधीच जखमी. आग लागली असती तर संपलाच असता.

"सर, मला बघूनच टाकलात ना?" मेधाने विचारलं.

"हो तर," मी म्हणालो. बघितलं नव्हतं.

"असरची नमाज पढून येतो, मग मोजू," म्हणून चाचा आत गेले. मेधा चहा टाकायला उठली. पडवीत मी एकटाच उरलो. मी तिची सुपारी एक घर बाहेर सरकवायला गेलो. घाईत ती दोन घरं गेली. एक घर मागे आणावी लागली.

चाचा आले. परकार फिरला आणि सुपारीपाशी थांबला. त्यांनी एकदा सुपारीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर हाय," ते शेवटी म्हणाले.

मेधा खुदकन हसली. माझ्या वाट्याचे सात काजू मला गिळवेनात.

ती गेल्यावर फाटकापाशी मी सांगून टाकलं. "चाचा, सुपारी मी हलवली."

"म्हायती हाय. तीस वर्षं दर्यात बोट कुठं हाय ता ध्यानात ठेवलंय. सुपारी नाय राहनार?"

"मग बोलला का नाहीत?"

ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. आमच्यात पूर्वी दिलीप म्हणून एक जण खेळायचा. त्याचा तिरंदाज माझ्याच आगीत गेला होता.

"दिलीपचा निकाल बरोबर होता," चाचा म्हणाले. "बिलकूल बरोबर. पन तो परत आला नाय. चार रविवार मी त्याचा कप मांडीत होतो."

मी निघालो. तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला.

"मेधाला सांगू नको हां," ते हळू आवाजात म्हणाले. "रागावली, तर ती पन यायची नाय."