विधायक अभिप्राय आणि उलटी टेप

माणसाचं मन नळाच्या सांध्यापेक्षा नाजूक असतं. सांधा बिघडला तर बदलता येतो. मनाचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. हे ध्यानात घेऊन आमच्या नळकाम प्रशिक्षण केंद्राने 'विधायक अभिप्राय पद्धती' लागू केली. परिपत्रक मीच लिहिलं, त्यामुळे ते उत्तम आहे हे खात्रीने सांगू शकतो.

पूर्वी कार्यशाळेतले मास्तर सांध्याखालून हात फिरवत, ओली बोटं प्रशिक्षणार्थ्यासमोर धरत आणि म्हणत, "गळतंय. सोडा, परत करा." ना प्रस्तावना, ना समारोप. नव्या पद्धतीत आधी तीन गुण सांगायचे, मग एक 'वाढीची संधी' आणि जाता जाता आणखी एक गुण. 'चूक' हा शब्द वर्ज्य. 'गळती'ऐवजी 'पाण्याचा अतिरिक्त सहभाग' असं लिहायचं. गुण लगेच आला. आधीच्या तिमाहीत शंभरातले एकतीस सांधे गळत होते. नंतरच्या तिमाहीत एकही नाही. (अतिरिक्त सहभाग अठ्ठ्याहत्तर सांध्यांत आढळला.) हल्ली कार्यशाळेत सगळे आनंदात असतात, आणि गमबुटात.

असं छान चाललेलं असताना एका बाईंनी घोळ घातला. वय चाळीसच्या पुढे, शिवणाचा कारखाना बंद पडल्यामुळे इकडे आलेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचा सांधा रोज ठिबकायचा. अभिप्राय मात्र एकाहून एक: 'पाना धरण्यात आत्मविश्वास', 'एप्रन स्वच्छ', 'पाण्याशी मोकळं नातं'. दुसऱ्या कुणी ते कागद चौकटीत लावले असते. यांनी ते माझ्या टेबलावर पसरले.

"साहेब, हे सगळं छान आहे. पण गळतंय कशानं, ते कुणी सांगेल का? आठवड्यावर परीक्षा आली. घरी दोन मुली आहेत. मला काम मिळायला हवं हो."

प्रश्न विचारल्याबद्दल मी त्यांचे तीन गुण सांगितले. त्या डोळे पुसत कार्यशाळेत परतल्या, आणि तिथे मास्तरांचा संयम सुटला.

"ताई, आट्यांवरची टेप उलटी गुंडाळताय तुम्ही," ते म्हणाले. "नळ घट्ट करताना जसा फिरवता, त्याच बाजूनं गुंडाळा. नाहीतर आटे बसता बसता टेप सुटून येणारच."

ताईंनी तसं केलं. पाणी सोडलं. सांधा कोरडा राहिला. त्या खालून पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होत्या.

"एवढंच होतं होय?"

"एवढंच होतं."

मी दारातून बघत होतो. खरं सांगायचं तर मलाही भरून आलं. पण अभिप्राय पत्रकात त्यासाठी रकाना नाही.

रीतसर चौकशी झाली. मास्तरांना मुदतीआधीच निवृत्त करण्यात आलं. (पत्रात त्यांचे नऊ गुण नमूद आहेत. इतके गुण मी आजवर कुणाचेच लिहिले नव्हते.) राहिल्या ताई. ज्याच्या कानावर थेट दोष पडला, त्याला मन सावरण्यासाठी एक वर्ष परीक्षेपासून दूर ठेवावं, असं कलम सहा सांगतं. आम्ही ते मायेनं पाळलं. उरलेले एकोणचाळीस जण विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले.

परवा तुमच्या स्वयंपाकघरातला नळ बघायला एक बाई आल्या होत्या, आठवतं? तुम्ही प्रमाणपत्र मागितलंत. त्या म्हणाल्या, "ते नाही, पण काम येतं." तुम्ही अगदी सौजन्यानं दार लावून घेतलंत आणि आमचा सोनेरी शिक्का असलेल्या माणसाला बोलावलंत. योग्यच केलंत, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. फक्त ओट्याखालची बादली भरत आली असेल, तेवढी बघा.